आमचा शॉक मारणारा कूलर

आमच्या घरी उन्हाळ्यात पाहुणा आला की आधी पाणी नाही, आधी सूचना. कूलरले हात लावू नका, शॉक मारते. मग पाणी. यवतमाळातल्या आमच्या गल्लीत सगळ्यांना हे पाठ होतं. धुणंभांडी करणारी बाई तर तो कोपरा काठीला फडकं बांधून पुसायची.

कूलर लोखंडी. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात आमच्या यांनी वेल्डिंगवाल्याकडून बनवून आणलेला. आधी गुणाचा होता. मग बूड गंजलं, वायर कुठंतरी सोलली गेली आणि शॉक सुरू झाला. पाणी टाकायचं तर बटण बंद, पायात रबरी चप्पल, हात कोरडे आणि तोंडात माझ्या शिव्या. अख्खा उन्हाळा मी त्या कूलरला आणि त्याच्या मालकाला रोज मनसोक्त बोलायची. हे शांतपणे ऐकायचे आणि बादली पुढं करायचे.

एकदा वायरमन आला होता. म्हणाला, पत्राच सडला, आता भंगारात काढा. यांनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. मग जावयांनी नवा प्लास्टिकचा कूलर पाठवला. तो खोक्यातच राहिला. खोक्यावर मी टेबलक्लॉथ टाकला, वर फुलदाणी ठेवली. बरं दिसत होतं. अहो, हा उघडत काहून नाही, असं विचारलं तर यांचं उत्तर तयार.

“याचा स्वभाव आपल्याले माहीत हाये. तो नवा कसा निघन, कोणाले माहीत?”

मी कपाळावर हात मारला. पण खोकं मीही उघडलं नाही, हं.

मागच्या उन्हाळ्यात पुण्याहून लेकीचा फोन आला. मे महिनाभर राहायला येते म्हणाली. नातू नुकताच रांगायला लागला होता आणि रांगणारं पोर काही म्हणता काही सोडत नाही. तिची एकच अट होती, तो कूलर आधी घरातून काढा. मी तर त्या दिवसापासून दिवस मोजायला लागले. कधी एकदा ते पोर आमच्या फरशीवर सोडते असं झालं होतं मला.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? यांनी कुंपण केलं! बांबूच्या कामट्या आणल्या आणि वावराला करतात तसं कूलरभोवती कुंपण घातलं. सुतळी बांधायला मी. पाणी टाकायला जाता यावं म्हणून एक फाटकही ठेवलं. शेजारीण बघायला आली आणि विचारते कशी, वाघ पाळला का बाई? मला तिचा असा राग आला! खोकं उघडायला याच्या निम्मीही खटपट लागली नसती, हे मला काय कळत नव्हतं? तरी गाठी मात्र मी पक्क्या मारल्या.

मोठ्या कौतुकानं व्हिडिओ कॉलवर ते कुंपण लेकीला दाखवलं. तिनं एवढंच विचारलं,

“आई, तुम्हाला आम्ही पाहिजे की तो कूलर?”

यांनी फोन माझ्या हातात कोंबला आणि अंगणात निघून गेले. मी तिला पापड किती करू म्हणून विचारलं.

ती आली नाही. मे गेला, तिची रजा संपली. जूनमध्ये एका सकाळी यांनीच भंगारवाल्याला हाक मारली. वर त्याला समजावत बसले, चप्पल घाल बाप्पा, हात कोरडे ठेव. वायर कधीचीच काढलेली होती. लेकीला सासरी पाठवताना या माणसानं इतकं सांगितलं नव्हतं. मी दारात पोट धरून हसले.

नवा कूलर उघडला. बटण दाबलं, हवा लागली. बस, एवढंच काम होतं.

दिवाळीला लेक आली. दारात ऑटो थांबला आणि नातू आपल्या पायांनी दुडूदुडू धावत घरात शिरला. हे टाळ्या वाजवत होते, सगळे कौतुक करत होते. मीही केलं. पण रांगणारा नातू आमच्या घरी आलाच नाही.