आईचा वर केलेला हात

मराठीच्या तासाला शिपाईमामा वर्गाच्या दारात आले आणि त्यांनी माझं नाव घेतलं, तेव्हा मला वाटलं ओळखपत्राचं काहीतरी राहिलं असेल. खाली फाटकापाशी काका उभा होता. काका कधी रत्नागिरीत येत नाही. त्याच्या शर्टाला सुक्या पानांचा चुरा चिकटलेला होता, म्हणजे तो बागेतून तसाच निघाला होता. "चल बाय, घरी जायचंय," एवढंच तो म्हणाला. एस.टी.त तो सारखा खिडकीबाहेर बघत राहिला आणि मीही काही विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर त्याला सांगावं लागलं असतं. गणपतीपुळ्याच्या फाट्यावर पर्यटकांची एक मोठी गाडी आडवी आली, आमची गाडी थांबली, सगळे वैतागले, आणि त्या गलक्यात काका माझ्याकडे न बघता बोलला, "वयनी गेली गो."

आई सकाळी बागेत पातेरा, म्हणजे वाळका पाला, गोळा करायला गेली होती. भारा बांधून झाल्यावर जरा टेकते म्हणून आंब्याच्या एका कलमाखाली बसली, ती उठली नाही. काही दुखत-खुपत असल्याचं तिने कुणाला सांगितलं नव्हतं. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. कलमांना मोहोर आला आहे, बाबा फवारणीच्या कामात आहेत, मी पुन्हा इथे रत्नागिरीत राहून कॉलेज करते आहे. पण माझं कशात मन लागत नाही. वाचनालयात बसले की उठावंसं वाटतं, उठले की कुठे जायचं ते कळत नाही. माझ्याकडे एक उत्तर राहून गेलं आहे, ते आईला सांगायचं होतं... आणि ते घेऊन मी इकडून तिकडे फिरते आहे असं वाटतं.

भेटायला आलेल्या बायका म्हणत होत्या, फार सोशीक होती बिचारी. आई सोशीक नव्हती. ती हट्टी होती. आमच्या घरात मोठ्याने भांडण असं एकाच गोष्टीवरून झालं आणि ते काही वर्षं चाललं. ते होतं सुईचं. म्हणजे लहान मुलांना देतात त्या लशीचं.

माझ्या पाठची बहीण सुमी. ती अंगावर पिणारी असताना आमच्या वाडीतल्या शाळेच्या पडवीत उपकेंद्राच्या नर्सबाई लस द्यायला आल्या होत्या. त्या संध्याकाळी सुमीला ताप आला. पुढच्या काही दिवसांत सुमी गेली. मी तेव्हा बालवाडीत होते. मला फक्त दारात उभे असलेले खूप पाय आठवतात. बाबांना आठवायचं की तो पहिला ताप उतरला होता, पोर हसलीखेळली होती आणि नंतर जो ताप चढला तो वेगळा होता. आईला तो उतरल्याचं आठवतच नव्हतं. तिच्या लेखी ताप एकच होता. त्या दिवशी वाडीतल्या बाकीच्या पोरांनाही लस दिली होती, त्यांना काही झालं नाही, असं बाबा सांगायचे. आई म्हणायची, बाकीची पोरं माझी नव्हती.

अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्यात माझा धाकटा भाऊ बंड्या जन्मला, आणि हा वाद सुरू झाला. बाबा बागेचे राखणदार. कलमांवरून विचार करायची त्यांना सवय. एकदा जेवताना ते आईला समजावत होते, ते मला जसंच्या तसं आठवतं.

"कलमावर तुडतुडा दिसायच्या आधी फवारतो की नाय आपण? दिसल्यावर फवारून काय उपयोग?"

"आणि फवारणीनं मोहोर जळला तर?" आई म्हणाली. "बागवाल्याला पुढल्या साली दुसरा येतो. मला कुठनं येणार?"

बाबा भात कालवत राहिले.  पण त्यांचं म्हणणं ते सोडत नसत. आईने एवढं मात्र मान्य केलं होतं की पोलिओचे थेंब चालतील, कारण ते तोंडात टाकतात. तोंडातून जातं ते पोटात जातं, सुईने जातं ते कुठे जातं ते कळत नाही, असं ती म्हणायची. थेंबाच्या रविवारी ती स्वतः बंड्याला घेऊन जाई आणि बोटावरची शाईची खूण सगळ्यांना दाखवी. सुई म्हटली की मात्र दार बंद.

शेवटी बाबांनी गावच्या देवीला कौल लावला. आमच्याकडे अडलेल्या गोष्टीत असं करतात. गुरव देवीच्या पाषाणावर उजवीकडे आणि डावीकडे ओल्या पाकळ्या चिकटवतो, आपलं गाऱ्हाणं सांगतो आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर होय. बाबांनी विचारलं, पोराला सुई द्यावी का? उजवी पडली. बाबा खूश होऊन घरी आले.  दोन दिवसांनी मला आणि बंड्याला घेऊन आई खाडी ओलांडून माहेरी गेली, हेदवीच्या अलीकडे. मला वाटलं सहज आलो. पण दुसऱ्या दिवशी ती तिकडच्या देवळात गेली आणि तिने तिथे कौल लावला. तिने विचारलं, पोराला सुई टाळावी का? तिथेही उजवीच पडली.

परत येताना होडीत ती इतकी आनंदात होती की तिने मला पाण्यात हात घालू दिला. घरी आल्यावर तिने बाबांना सांगितलं आणि बाबा बराच वेळ डोकं खाजवत बसले. आमच्या गुरवाला हे कळलं तेव्हा तो आमच्या ओटीवर बसून पोट धरून हसला. "दोन दारांत विचारलंत, दोन उत्तरं मिळाली," तो म्हणाला. "आता तुमचं तुम्ही बघा. देवानं अंग काढून घेतलंन." बाबाही हसले. आई हसली नाही. मला तेव्हा तिचा राग आला होता असं नाही, पण एक कळेनासं झालं... दोन्ही देवांनी हो म्हटलं तर खरं कुणाचं धरायचं? बाबांनी त्यानंतर विषय काढला नाही. त्यांनी ठरवलं असतं तर ते बंड्याला आईच्या नकळत उपकेंद्रात नेऊ शकले असते. नेलं नाही. मी मोठी झाल्यावर एकदा विचारलं, तेव्हा म्हणाले, "पोराला काय झालं असतं ना, तर ती माझ्याशी बोलली नसती. आणि काय झालं नसतं, तरी बोलली नसती."

बंड्या तीन वर्षांचा असताना वाडीत गोवर आला. लस घेतलेल्या एखाद-दुसऱ्या पोरालाही कणकण आली, पण बंड्याच्या अंगभर तो उठला. आईने घरात फोडणी बंद केली, कारण गोवर असताना घरात तेलाचा वास नको असतो. कुणाला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. पाण्यात कडुलिंबाचा पाला टाकून ती त्याला पुसायची. ताप उतरेना तेव्हा आई स्वतःच म्हणाली, दवाखान्यात न्या. मला वाटतं तोवर बाबा तिने तेच म्हणावं याची वाट बघत दारात बसले होते. बंड्या वाचला. पण त्याचा डावा कान वाहू लागला, बरेच महिने वाहत राहिला, आणि तो थांबला तेव्हा त्या कानाने ऐकू येईनासं झालं होतं.

 बाबांनी "मी सांगत होतो" असं म्हटलं नाही. म्हणाले असते तर बरं झालं असतं असं मला कधीकधी वाटतं, निदान आई भांडली असती. ती भांडली नाही. फक्त तिने बसायच्या जागा बदलल्या. जेवताना तिचा पाट बंड्याच्या उजवीकडे आला. रस्त्याने चालताना ती त्याच्या उजवीकडून चालायची. आणि आणखी एक. एका कानाने ऐकणाऱ्याला आवाज ऐकू येतो, पण तो कुठून आला ते कळत नाही. बंड्याला हाक मारली की तो जागच्या जागी गिरकी घेऊन चहूकडे बघतो. पोरं त्याला त्यावरून भोवरा म्हणायची. आईने हाक मारली की ती लगेच हात वर करायची, हातात असेल ते घेऊन. कधी पळी, कधी कोयता, कधी धुतलेला परकर. पडवीसमोरच्या धुण्याच्या दगडावर उभी राहून ती हात वर करायची आणि तो दिसेपर्यंत तसाच धरून ठेवायची. बंड्याने गिरकी घेतली की त्याला आई दिसायची.

पुढे काकीला मुलगी झाली. नर्सबाई घरी आल्या तेव्हा काकी ओटीवरून त्यांना सांगत होती, आमच्या मोठ्या जावेनं नाय दिलंन पोराला सुई, तर मी कशी देऊ? घरात रीत पडली आहे. वैशाखाचे दिवस होते. आई अंगणात आमसुलं वाळत घालत होती, हात कोपरापर्यंत लाल. तिने ते ऐकलं आणि ती उठली. मला वाटलं आता नर्सबाईंना काहीतरी बोलणार. ती विहिरीवर गेली, हात धुतले, पदराला पुसले, ओटीवर चढली आणि काकीच्या मांडीवरून पोर उचललं.

"माझ्या नावावर थांबू नको गो," ती काकीला म्हणाली. "माझं नाव नको पुढे करूस."

मग तिने ते पोर स्वतःच्या मांडीवर घट्ट धरलं आणि नर्सबाईंनी सुई दिली. पोर रडलं. आईचा चेहरा मी बघत होते. तो कसा होता ते मला अजून लिहिता येत नाही. त्यानंतर ती तिथेच बसली. काकी म्हणाली, ताई, जा आता, मी बघते. आई हलली नाही. पोराच्या कपाळावर तळवा ठेवून ती दुपारभर बसून राहिली. अंगणात आमसुलं तशीच पडली. बाबा बागेतून आले, त्यांनी ओटीकडे पाहिलं. पायरीवर टोपी ठेवली आणि स्वतः उकिडवे बसून आमसुलं उलटायला लागले. बाबांनी ते काम कधी केलं नव्हतं, निम्मी चुकीचीच उलटली. आईने ते पाहिलं, पण पोराच्या कपाळावरचा हात उचलला नाही.

आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिली. त्यामुळे इथे काही ऐकलं की ते घरी नेऊन सांगावं असं मला फार वाटायचं. कॉलेजच्या शिबिरात एका डॉक्टरांनी लशींबद्दल सांगितलं होतं, की एक गोष्ट दुसरीच्या मागून आली म्हणजे ती तिच्यामुळेच आली असं होत नाही. मला ते खूप पटलं. या दिवाळीत आई दारात बसून केरसुणीसाठी झावळीचे हीर काढत होती, तेव्हा मी तिच्याजवळ बसून ते सांगितलं. तिने सगळं ऐकलं. कोयती थांबली नव्हती.

"मग सुमीला काय झालं होतं?" तिने विचारलं.

मी म्हटलं, ते आता कसं सांगणार.

"म्हणजे तुला ठावूक नाय. मला ठावूक नाय. तुझ्या बापाला तेवढं सगळं ठावूक," ती म्हणाली आणि थोडं हसली. मग कोयती थांबली. "तिला मीच नेली होती गो. तुझा बाप म्हणत होता, पाऊस आहे, पुढल्या खेपेला ने. मीच नेली. बाई म्हणाल्या, पाय घट्ट धरा. मी धरले."

हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी समजत होते की ती सुईला भिते.  तिने पुन्हा हीर काढायला घेतले आणि म्हणाली, "विचार तुझ्या डॉक्टरला. विचारशील ना?"

मी विचारलं. कॉलेज सुरू झाल्यावर मुद्दाम त्यांच्या दवाखान्यात गेले, बाहेरच्या बाकावर बसून राहिले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, इतक्या वर्षांनी नक्की सांगता येणार नाही, आणि कुणी छातीठोक सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण ताप उतरून मुलगी खेळली असेल, तर दुसरा आजार असण्याचीच शक्यता जास्त. मग थोडं थांबून म्हणाले, आईला सांगा की तुम्ही मुलीला धरलं होतंत, एवढंच केलं होतंत.

हे असं निरोपासारखं सांगायचं नव्हतं. नाताळच्या सुट्टीत घरी गेले की शेजारी बसून सांगेन, असं मी ठरवलं होतं. सुट्टी लागायच्या आधीच काका फाटकापाशी आला... मी हे बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "मी तिला ताप उतरल्याचं सांगायचो, ते तिला सुईची बाजू घेतल्यासारखं वाटायचं. मला दुसरंच म्हणायचं होतं." मग ते फवारणीचा पंप धुवायला निघून गेले.

परवा मी घरी होते. दिवेलागणीची वेळ होत आली होती, बंड्या खालच्या मळ्यात पोरांबरोबर होता. मी पडवीतून हाक मारली. त्याने ऐकलं. नेहमीसारखी गिरकी घेतली नाही. तो थेट धुण्याच्या दगडाकडे बघत उभा राहिला. दगडावर कुणी नव्हतं. मग तो हळूहळू वळायला लागला, आधी विहिरीकडे, मग गोठ्याकडे, मग बागेच्या दगडी गडग्याकडे. मी पायऱ्या उतरून धावत गेले, दगडावर चढले आणि हात वर केला. हातात पाण्याचा तांब्या होता, त्यातलं पाणी माझ्या बाहीत उतरलं.

त्याला मी दिसले. तो सावकाश चढ चढून यायला लागला. हात खाली घ्यावा की नाही ते मला कळेना. तो अगदी जवळ येईपर्यंत मी तो वरच धरून ठेवला.