धूर खाणारा पडदा

बसस्टँडवर दोन गोष्टी आपोआप साचतात, विसरलेल्या छत्र्या आणि किस्से. छत्र्या न्यायला कोणीतरी येतंच, किस्से मात्र आमच्याकडेच राहतात. मी बुलढाण्याच्या स्टँडवर तिकीट खिडकीत बसायचो. महाराष्ट्र राज्य तेव्हा नवंनवं होतं, आणि आमच्या गाड्या मात्र जुन्याजुन्या.

थंडीत सकाळी इंजिनं तापवत ठेवायचे, तेव्हा बाकांवर बसलेलं माणूस धुरात दिसायचं नाही, फक्त त्याचा खोकला ऐकू यायचा. आमचे कंट्रोलर भास्करराव भाजीपाला पिकवणाऱ्या घरातले. त्यांचं क्वार्टर स्टँडच्या मागेच होतं आणि धाकटी लेक हिवाळाभर खोकायची. एक दिवस त्यांनी जाहीर केलं, की बाकं आणि गाड्या यांच्यामध्ये तारांवर वेलींचा जिता पडदा सोडायचा, धूर पानं खातील. मोठ्या साहेबांनी दिवाळीपर्यंत मुदत दिली. नाही जमलं तर वेल काढून पत्रे ठोकायचे!

*

पहिली चूक घराण्याला शोभेल अशीच झाली. लवकर वाढतो म्हणून भास्कररावांनी दोडक्याचा वेल लावला.

पडदा झकास झाला, पण त्याला दोडकेही लागले. महिनाभर सगळ्या कंडक्टरांच्या डब्यात एकच भाजी. बायका माझ्या खिडकीशी यायच्या, तेव्हा मी नांदुऱ्याच्या गाडीची वेळ सांगायला तोंड उघडायचो, तर प्रश्न यायचा, "भाऊ, दोडके कवा तोडतेत?"

वेल वाळला आणि तिथे मधुमालती आली.

*

तेवढ्यावर थांबतील तर ते भास्करराव कसले? गाडीच्या टपावरही हिरवळ हवी, म्हणजे बस जाईल तिथली हवा साफ करत जाईल! वर्कशॉपने जुन्या पत्र्यांचे ट्रे करून दिले आणि त्यांत हराळी लावली. गणपत ड्रायव्हरने डोक्याला हात लावला, पण साखरखेर्ड्याची गाडी त्याने नेली.

तो नेमका बाजाराचा दिवस. परतताना रिवाजाप्रमाणे बकऱ्या टपावर चढवल्या. बुलढाण्यात गाडी आली तेव्हा ट्रे लख्ख होते आणि बकऱ्या डुलक्या घेत होत्या. भास्करराव गणपतवर कडाडले, "मांगं वळून पाह्यता येत नोतं काय बे?" तेवढ्यात बकऱ्यांचा मालक उतरला आणि अगदी मनापासून म्हणाला, "सोय लय बेस केली, भाऊ. पुढच्या बाजाराले बी गवत राहीन ना?"

*

उन्हाळ्यात नळ आटले. भास्कररावांनी लाऊडस्पीकरवरून विनंती केली, की गाडीत चढताना तांब्यात उरलेलं पाणी वेलाला घाला. मला वाटलं, कोण ऐकतंय! पण लोकांनी ऐकलं. एका लग्नाच्या वऱ्हाडात तर म्हातारीने नवरदेवाला दारातून परत फिरवला. त्याने मुंडावळ्या सावरत पाणी घातलं, तेव्हा कुठे ती म्हणाली, "हां, आता चाल नवरीकडं."

खोटं कशाला सांगू, त्या दिवशी खिडकीत बसून माझा ऊर भरून आला. मी पुण्या-मुंबईची स्टँडं पाहिली आहेत, असे प्रवासी नाही पाहिले.

*

दिवाळी तोंडावर आली आणि मोठे साहेब जीपने आले. पाऊस कधीच संपला होता, पानं धुतली जात नव्हती, त्यामुळे मधुमालती दाट असली तरी गाड्यांच्या बाजूने कळकट दिसत होती. साहेबांनी खिशातून पांढरा रुमाल काढला, एक पान पुसलं आणि काळं झालेलं टोक भास्कररावांसमोर धरलं. म्हणाले, ही घाण लोकांच्या नाकासमोर टांगलीत? आत्ताच्या आत्ता उतरवा.

शिपाई कोयता घेऊन स्टुलावर चढला. एरवी भास्कररावांचं तोंड बंद करायला गाडीचा हॉर्न वाजवावा लागे. त्या दिवशी ते नुसते क्वार्टरकडे बघत राहिले.

पडद्याच्या आतल्या बाजूला बाकावर एक बाई तान्हं मूल घेऊन बसली होती. नांदुऱ्याकडची असावी. सकाळपासून गाडीची वाट बघत होती आणि सगळं ऐकत होती. ती उठली, साहेबांसमोर आली आणि हात पुढे केला.

"थो रुमाल द्या जरा, सायेब."

साहेबांनी गोंधळून दिला. तिने रुमालाचं दुसरं, कोरं टोक धरलं, लेकराचं तोंड, नाक, कपाळ नीट पुसलं आणि ते टोक साहेबांपुढे केलं. पांढरंशुभ्र होतं.

साहेबांनी दोन्ही टोकं शेजारी शेजारी धरून पाहिली. मग त्यांनी शिपायाला हातानेच खाली उतरायला सांगितलं.

तेवढ्यात त्यांना पांढऱ्या टोकावर एक बारीकसा काळा डाग दिसला. त्यांनी त्यावर बोट ठेवलं आणि बाईकडे पाहिलं.

"थे काजय हाय, सायेब," ती म्हणाली. "थे म्या लावलं. नजर लागू नये म्हनून."