मॅच संपेपर्यंतची एकी

गेल्या मंगळवारी दुपारी नगरपालिकेच्या खिडकीवरून रुक्सानाबींना नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला न देता परत पाठवलं, कारण त्यांनी लाच दिली नाही. दाखल्याशिवाय त्यांची पेन्शन सुरू होत नाही.

रविवारी त्या नगरपालिकेतल्या लाचखोरीविरुद्धच्या आमच्या धरण्याला बसायला चौकात आल्या. शेजारी टीव्हीच्या दुकानासमोर मॅच बघणाऱ्यांची ही गर्दी. त्या तिथे पोचल्या आणि चौकार बसला.

"भाभी, आता हलायचं नाही! तुम्ही हललात की विकेट जाणार," पानवाले अण्णा ओरडले.

"अहो, पाय दुखतात माझे."

"देशासाठी थोडं सोसा की!"

त्या हसत उभ्या राहिल्या. आपण जिंकलो. कोणी कोणाची जात विचारली नाही, अनोळखी माणसं गळ्यात पडली, अण्णांनी भाभींना पेढा भरवला. मीही नाचलो. तो आनंद खोटा नव्हता, म्हणूनच जास्त थकायला होतं.

कारण लगेच मी विचारलं, "अण्णा, नगरपालिकेत भाभींच्या सोबत येता?"

"आज राजकारण नको रे. आणि माझ्या टपरीचा परवाना तिथेच अडकलाय."

गर्दी पांगली. ओरडून ओरडून माझा घसा बसलाय. आपल्याला एकत्र उभं राहता येतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. फरक एवढाच, की समोरच्या संघाला आपला परवाना अडवता येत नाही.

येत्या सोमवारी सकाळी अकराला रुक्सानाबी पुन्हा त्या खिडकीवर जाणार आहेत. तुमचंही काहीतरी तिथे अडकलेलं असेल. तरी या.