जन्माआधी न शिवलेलं दुपटं

आमच्या घरात चालायची एक पद्धत आहे. बाहेरच्या खोलीत जमिनीवर गोधडी पसरलेली असली, की भिंतीला पाठ लावून आडवं सरकत स्वयंपाकघरात जायचं. नवरा हातात चहाचा कप घेऊन असा सरकतो तेव्हा मला हसू येतं. मी ते दाखवत नाही, कारण हसले तर तो मध्येच थांबून भांडायला लागतो, आणि चहा सांडला तर गोधडी कामातून गेली. लालबागच्या चाळीतल्या दोन खोल्या, त्यातली मोठी दहा बाय बारा. थर सरकू नयेत म्हणून चार कोपऱ्यांवर कुकर, इस्त्री, तांदळाचा डबा आणि वरवंटा ठेवायचा. कुकर असा कामाला गेला की भात पातेल्यात शिजतो आणि तो मोकळा झाला नाही म्हणून कोणी बोलायचं नाही.

हा धंदा मी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी सुरू केला. त्याआधी मी ऑफिसात होते. ऑफिस पार पनवेलच्या बाजूला हललं तेव्हा मी सोडलं. सासूबाईंची सुती लुगडी ट्रंकेत पडून होती, त्यांची एक गोधडी शिवली, मुलीने तिचा फोटो फोनवर टाकला आणि तिच्या मैत्रिणींच्या आया विचारायला लागल्या. नवरा अजूनही याला ‘तुझं शिवण’ म्हणतो. मी धंदा म्हणते. ज्या कामासाठी माणूस जेवायचं विसरतं त्याला शिवण म्हणत नाहीत.

मुंबईत थंडी पडत नाही, मग गोधड्या घेतं कोण, असं मला बरेच जण विचारतात. एसीवाले घेतात. त्यामुळे एप्रिल-मे हाही आमचा हंगाम, पण तेव्हाच इथल्या डंकांवर मसाले कुटायला गर्दी होते आणि गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्याला मिरचीचा खाट बसतो. एका बाळाचं दुपटं त्यापायी मला तीनदा धुवावं लागलं होतं. गणपतीत आमच्या गल्लीत कुरिअरवाला पाऊल ठेवत नाही आणि आम्हीही गावी जातो, म्हणजे दहा-बारा दिवस सुईला हात नाही. पितृपक्षात नव्या वस्तूची ऑर्डर कोणी देत नाही, पण गेलेल्या आईच्या साड्यांचं गाठोडं घेऊन माणसं येतात ती त्याच पंधरवड्यात. मग नवरात्र, दिवाळी, भेटवस्तू. लहान मुलांची दुपटी मात्र बाराही महिने चालतात, कारण मुलं हंगाम बघून जन्माला येत नाहीत.

दुपट्यांची एक गंमत आहे. बाळ जन्मायच्या आधी त्याच्यासाठी नवं काही शिवायचं नाही, असं आपल्याकडे मानतात. पहिले दिवस जुन्या, मऊ, धुऊन धुऊन विरलेल्या कपड्यात काढायचे. माझी काही गिऱ्हाइकं सातव्या महिन्यातच ऑर्डर देतात, काही म्हणतात शिवून ठेवा पण फोन केल्याशिवाय पाठवू नका. मी दोघींचंही शिवते. माझा स्वतःचा या गोष्टींवर विश्वास नाही. अमावास्येला मी कात्री लावते. दिवेलागणीला शेजारीण सुई मागायला आली तर तिला सुईच देते, वर दोराही देते. चाळीतल्या म्हाताऱ्या मला यावरून बोलून बोलून थकल्या.

माझी मुलगी एकुलती एक. लग्न करून दादरला गेली. म्हणजे घरापासून दोन-अडीच किलोमीटर, तरी ती सासरीच. मागच्या वर्षी तिला दिवस राहिले, मार्गशीर्षातली तारीख दिली होती. पहिलं बाळंतपण माहेरी, हे कुणी ठरवावं लागलं नाही. सातव्या महिन्यातलं ओटीभरण झालं की दिवाळीनंतर तिने यायचं, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. शेजारच्या काकू गॅलरीत दिसल्या की विचारायच्या, “चेडू कधी येतला गो?” मी म्हणायची, “दिवाळी झाली की.” हे उत्तर मी त्या काळात शंभरदा तरी दिलं असेन.

त्याच सुमाराला दादरच्या एका दुकानातून मोठं काम आलं. लहान मुलांचे कपडे विकणाऱ्या बाईंना दिवाळीपर्यंत चाळीस दुपटी हवी होती. तोपर्यंत मला एकेक ऑर्डर यायची, एका वेळी चाळीस कुणी मागितली नव्हती. मी हो म्हटलं. घरात जमीन एकच, ती शिवायला लागायची, म्हणून तयार माल कॉटवर गेला. कॉटवर मावेना तेव्हा कॉटखालीही गेला. मुलगी आली की याच कॉटवर झोपणार होती.

नवरात्रातल्या एका रविवारी ती आली. आता तिला वाकता येत नव्हतं. दारात उभी राहून तिने बसायला जागा शोधली आणि मी घाईघाईने एक ढीग उचलून दुसऱ्या ढिगावर ठेवला. कॉटच्या कोपऱ्यावर ती टेकली. शेजारची पिवळी, निळी दुपटी तिने एकेक करून उलगडून बघितली, पुन्हा घडी घातली. घडी तिला माझ्यासारखीच घालता येते.

“यातलं माझं कुठलं?” तिने विचारलं.

“तुझं कसं असेल? बाळाच्या आधी शिवायचं नसतं.”

तिने हातातली घडी खाली ठेवली. “आई, तू हे कधीपासून मानायला लागलीस?”

“दुसऱ्यांचं वेगळं. आपल्या घरच्या बाबतीत पाळलेलं बरं.”

“आणि कॉट? कॉट रिकामी केली तरी अपशकुन होतो का?”

मी हसले. ती चेष्टा करतेय असं मी ठरवून टाकलं. “दिवाळी होऊ दे, एका दिवसात सगळं हलवते,” म्हटलं. ती “बरं” म्हणाली. मग मी तिच्यासाठी घावणे केले, तिने दोन खाल्ले आणि उन्हं उतरायच्या आत ती गेली.

कोजागिरीच्या दुपारी मी अस्तर-दोरा आणायला हिंदमात्याच्या कापडबाजारात गेले होते. परत आले तर नवऱ्याने कॉट रिकामी केली होती. स्वच्छ चादर घातली होती, उशीला नवा अभ्रा चढवला होता. दुपटी त्याने स्वयंपाकघरात गॅसच्या शेजारी रचून ठेवली होती. मी जी ओरडले ती खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेली. फोडणीचा वास लागला तर चाळीस दुपटी परत येतील, तुला काही कळतं का, असं बरंच. एकेक गठ्ठा उचलून त्याने पुन्हा कॉटवर आणून ठेवला, चादरीवरच. शेवटचा गठ्ठा ठेवताना एवढंच म्हणाला, “तिने मला फोनवर विचारलं होतं, कॉट झाली का म्हणून.”

तेव्हा तरी मी थांबायला हवं होतं. मी कुकर कोपऱ्यावर ठेवला आणि पुढचं दुपटं पसरलं.

दिवाळीच्या आधी चाळीस पोचती झाली. दुकानातल्या बाईंचा फोन आला, आणखी तेवढीच हवीत, मार्गशीर्ष संपेपर्यंत द्या. मी चकल्या पाडत होते. फोन कानाशी धरून, सोऱ्या दाबत मी हो म्हटलं, आणि मोकळी झालेली कॉट पुन्हा कापडाने भरली. मुलीची तारीख मला आठवत नव्हती, असं मी पुढे काही जणांना सांगितलं. ते खोटं आहे. तारीख मला व्यवस्थित आठवत होती.

पाडव्याला जावई आणि मुलगी जेवायला आली. जेवणं झाल्यावर ती आणि मी गॅलरीत उभ्या होतो. खाली पोरं भुईचक्र लावत होती. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “आई, मी विचार केला. मी तिकडेच राहते. हॉस्पिटल पाच मिनिटांवर आहे, रात्री-अपरात्री धावपळ नको. तुझंही काम अडायला नको.”

पहिल्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहायला मला आवडत नाही, पण तसंच झालं. चाळीस दुपटी, त्यातली नऊ झालेली, आता जमतील सगळी, असा हिशेब डोक्यात होऊनही गेला. मग मी सगळं रीतसर केलं. असं कसं, पहिलं बाळंतपण, लोक काय म्हणतील, तुझ्या सासूबाईंना कशाला त्रास, असं म्हटलं. तिने सगळं ऐकून घेतलं. कॉट आजच रिकामी करते, एवढं एक वाक्य मात्र मी बोलले नाही. त्या वाक्याने कदाचित ती आली असती.

काकूंना मी सांगितलं, हॉस्पिटल जवळ पडतं म्हणून. काकू “बरा” म्हणाल्या आणि त्यानंतर त्यांनी मला विचारणं बंद केलं.

लेकीला मुलगी झाली. तारखेच्या चार दिवस आधीच. फोन आला तेव्हा माझ्या बोटांत सुई होती. डिंकाचे लाडू, अळिवाचे लाडू, माझ्या दोन जुन्या सुती साड्या फाडून केलेले लंगोट आणि चौकोनी फडकी, असं सगळं पिशवीत घालून आम्ही हॉस्पिटलात गेलो. विहीणबाईंनी तिथे सगळी तयारी केलेली होती. त्यांच्या जुन्या व्हॉइलच्या साडीत बाळ गुंडाळलेलं होतं. त्या माझ्या हातातली पिशवी घेत म्हणाल्या, “अहो, सगळं आहे इथे. तुम्ही दमून आला असाल. बसा, चहा मागवते.” बाई मनाने चांगल्या आहेत, त्यांनी ते चांगुलपणानेच म्हटलं. मला खुर्ची दिली, कपबशीतून चहा दिला. माझ्या लेकीच्या खाटेशेजारी मी पाहुणी म्हणून बसले होते. मला राग आला, आणि तो काढायला तिथे माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

घरी आल्यावर दुकानाचं काम मी बाजूला सारलं. मला नेसायला सगळ्यात आवडणारी साडी कापली, पांढऱ्यावर बारीक हिरवी बुट्टी. तीन दिवस दुसरं काही हातात धरलं नाही. धावदोरा कडेपासून मधल्या चौकोनापर्यंत घालत न्यायचा असतो, घाई केली की कापड चुण्या धरतं. मी घाई केली नाही. नवऱ्याने सुईत दोरा ओवून ओवून सुया रांगेत टोचून ठेवल्या.

तिसऱ्या दिवशी दुकानातल्या बाईंना फोन करायचं धैर्य केलं. माझ्या मुलीचं बाळंतपण आहे, दुपटी वेळेवर होणार नाहीत, असं सांगितलं. त्या म्हणाल्या, “अय्या, मग आधी नाही का सांगायचं? पुढच्या महिन्यात द्या की. दिवाळीचा माल अजून आहे माझ्याकडे.”

मी फोन ठेवला. दोन मिनिटांचं काम होतं. हा फोन मी पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी करू शकले असते. नवरात्रातल्या त्या रविवारी, ती कॉटच्या कोपऱ्यावर टेकलेली असतानाही करू शकले असते. मला कुणी अडवलेलं नव्हतं. ज्या शकुनावर माझा आयुष्यभर विश्वास नव्हता, तो मी काम सोडायला नको म्हणून पुढे केला होता.

दुपारी दुपटं घेऊन दादरला गेले. मुलगी घरी आली होती. खोलीत शेगडीचा, ओव्याचा वास होता. बाळ झोपलेलं होतं. मुलीने दुपटं हातात घेतलं, उलटं केलं आणि मागचे टाके बघितले. टाके मागूनच बघायचे हे तिला मीच शिकवलं होतं. “छान झालंय,” ती म्हणाली. तिने ते बाळावर घातलं आणि पायाशी नीट खोचलं. मग माझी विचारपूस केली, बाबांची केली, पाठदुखीचं विचारलं. बाळंतीण ती, आणि बोलत होती माझ्या तब्येतीबद्दल.

तीन वाजून गेले तसं तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. “आई, तुला निघायचं असेल ना? चारला कुरिअरवाला येतो तुझा. निघ तू, माझं सगळं होतं इथे.”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं, मी भांडले असते. ती खरंच माझी सोय बघत होती.

“आज राहते मी,” मी म्हटलं. “उद्याही राहीन. तू म्हणशील तोपर्यंत राहीन.”

ती बघतच राहिली. तिचे डोळे भरून आले, ती हसलीही, पण ते सगळं नंतर. आधी तिला नुसतं आश्चर्य वाटलं.

“खरंच?” तिने विचारलं.

मी हो म्हटलं. तिने परत विचारलं.