चेहरा जुळत नाही

गल्लीच्या टोकाला फोटो स्टुडिओ चालवणाऱ्याला सगळे शंकासुर म्हणायचे, आणि त्याचं त्याला काही वाटतही नसे. दूधवाला हसला तर दुधात पाणी असणार, आणि नाही हसला तर जरा जास्तच असणार, असा त्याचा हिशोब. अशा माणसाच्या घरी नागरिकत्वाच्या नोंदी संगणकावर चढवायची नोटीस आली, म्हणजे काय झालं असेल ते विचारूच नका.

"कागदाला काय धाड भरली होती?" तो बायकोवरच उखडला. "एकदा संगणकात गेलं, की कोण कुठे काय फिरवेल, कुणाच्या बापाला कळणार नाही!"

"अहो, सगळी गल्ली जाऊन आली. चला मुकाट्याने."

कचेरीतल्या कारकून बाईने बायकोला कॅमेऱ्यासमोर बसवलं, जुन्या नोंदीतला फोटो पडद्यावर आणला आणि बटण दाबलं. लाल पट्टी उमटली: चेहरा जुळत नाही. शंकासुराने बायकोला कोपराने ढोसलं. बघ, सांगत नव्हतो?

आतल्या खोलीत साहेबाने दोन्ही फोटो शेजारी ठेवले. बायकोच्या डाव्या गालावर भाजल्याचा काळपट व्रण होता आणि त्याने ओठाचा कोपराही ओढला गेला होता. जुन्या फोटोत गाल स्वच्छ, ओठ सरळ.

"हे कधी भाजलं?"

"लहानपणी. चुलीवरचं पातेलं कलंडलं."

"आणि फोटो लग्नानंतरचा." साहेबाचा आवाज बदलला. "म्हणजे फोटोतली बाई दुसरीच. कुणाच्या नावावर राहताय तुम्ही? चौकशी होईपर्यंत नोंद रद्द."

बायकोचं तोंड पांढरंफटक पडलं. तो फोटो स्टुडिओतून परस्पर कचेरीत गेला होता, तिने कधी पाहिलाच नव्हता. आता ती पडद्याकडे टक लावून बघत राहिली.

शंकासुराचा मशीनवर, साहेबावर, त्या कारकून बाईवर, सगळ्यांवर संशय घेऊन झाला होता, पण मशीनचं काही चुकलं नव्हतं.

"साहेब, फोटो मी काढलाय," तो चाचरत म्हणाला. "निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून व्रण घालवला. ओठ सरळ केला. तेव्हा सगळेच स्टुडिओवाले करायचे."

"असं कुणीही म्हणेल."

तो धावतच स्टुडिओत गेला. कपाटं उपसून काचेचं निगेटिव्ह शोधलं आणि टर्पेंटाइनची बाटली, कापूस घेऊन धापा टाकत परतला. साहेबाने काच खिडकीसमोर धरली. गालावर पेन्सिलीच्या बारीक रेघा होत्या, अगदी जीव लावून मारलेल्या. शंकासुराने त्यांवरून टर्पेंटाइनचा बोळा फिरवला. कापूस करडा झाला. मग कारकून बाईने निगेटिव्ह मशीनमध्ये ठेवलं, संगणकाने उलट्याचं सुलट केलं आणि पडद्यावर एक नवी नवरी आली. तिच्या गालावर व्रण होता.

हिरवी पट्टी उमटली. साहेबाने नोंद कायम केली, वर शंकासुराला चार शब्द सुनावले. तो ते ऐकतही नव्हता. इतका हलका तो कित्येक वर्षांत झाला नव्हता. जिना उतरताना त्याची बडबड सुरू झाली, "मशीन हुशार आहे हं! मानलं बुवा!"

फाटकापाशी बायको थांबली आणि पदर गालावर ओढून घेतला. आजवर तिने असं कधी केलं नव्हतं.

"मला वाटायचं," ती म्हणाली, "तुम्हाला तो दिसतच नाही."