पावतीवरची तांबडी कोंबडी

साहेबांनी पावती माझ्यासमोर धरली आणि विचारलं, "बाई, ही कोंबडी काय आहे?"

मी म्हटलं, "फी आहे साहेब."

"फी?"

"शिकवणीची. मुलीच्या आईनं दिलेली."

साहेबांनी पावती टेबलावर ठेवून परत वाचली. मीही वाचली, उलटी. साहेबांच्या टेबलासमोर उभं राहून पलीकडचा कागद उलटा वाचायची सवय क्लार्कला आपोआप लागते. अक्षर छापल्यासारखं होतं. सोनाबाई यांच्याकडून, त्यांची मुलगी सुमन हिच्या इंग्रजी व गणिताच्या शिकवणीपोटी पुढील माल मिळाला. जोंधळे चार पायल्या, निवडलेले. कोंबडी एक, गावठी, तांबडी, जिवंत. माल चांगल्या स्थितीत उतरला. खाली सही आणि तारीख.

आता ही काय भानगड होती ते सांगते, म्हणजे तुम्हाला माझ्याबरोबर चालता येईल.

मी तेव्हा शिरूरला पंचायत समितीत क्लार्क होते. दहावीची नवी पद्धत येऊन दुसरंच वर्ष होतं. आधी अकरावीला मॅट्रिक व्हायची आणि पुष्कळ पोरी गणित सोडून दुसरं काहीबाही घ्यायच्या. नव्या पद्धतीत गणित, विज्ञान, इंग्रजी कुणालाच सुटेना. खेड्यातली पोरं तिथंच अडकायला लागली. म्हणून सरकारनं एक योजना काढली. गरीब आई-बापानं मुलाला जादा शिकवणी लावली, तर तो खर्च ठरावीक रकमेपर्यंत सरकार त्यांना परत देणार. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला आणि शिकवणाऱ्याची पावती, एवढं लागायचं. योजनेचं नाव इतकं लांब होतं की फाइलच्या पाठीवर मावायचं नाही. आम्ही नुसतं "शिकवणीची फाइल" म्हणायचो, आणि ती फाइल माझ्या टेबलाला होती.

मी स्वतः सातवी फायनल. पुढचं सगळं ऑफिसात शिकले. जीआर म्हणजे शासनाचा निर्णय, कुणाला काय द्यायचं आणि काय बघून द्यायचं ते सांगणारा कागद. जीआर आला की त्याच्या हातानं नकला करायच्या, आणि अक्षर बरं म्हणून ते काम माझ्या गळ्यात. एकेक जीआर पाच-पाच वेळा लिहायचा. लोक म्हणायचे, बाईंना गाढवासारखं राबवतात. मला मात्र ते लिहून लिहून पाठ व्हायचे, आणि पाठ असलेला जीआर फार कामाला येतो, बरं का.

तर साहेबांनी पेन्सिल उचलली आणि पावतीच्या कडेला लिहिलं, "फी रोख दिल्याचे दिसत नाही. अमान्य."

पेन्सिलीचा शेरा म्हणजे साहेबांचं मत अजून पक्कं झालेलं नाही. शाईनं लिहिलं की संपलं. आमचे साहेब, म्हणजे गटविकास अधिकारी, तरुण होते, नवे होते आणि ऑडिटला भ्यायचे. माणूस वाईट नव्हता.

ते म्हणाले, "शुक्रवारपर्यंत काय ते बघा. नाहीतर मी शाईनं लिहिणार."

एकूण आठ पावत्या होत्या, सगळ्या एकाच गावच्या आणि एकाच हातच्या. कुठं जोंधळे, कुठं दूध. कोंबडी तेवढी सोनाबाईच्या पावतीवर. हा झाला मंगळवार. दहावीचा परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख होती पुढचा सोमवार.

आमच्या हेडक्लार्कनी एका वाक्यात उपाय सांगितला. पावत्या बदलून आणा, रोख मिळाले म्हणून लिहून घ्या, जुन्या फाडून टाका. खोटं कशाला बोलू, मलाही तेच बरं वाटलं. बुधवारी सकाळच्या एसटीनं मी निघाले.

गाव घोड नदीच्या काठचं, इनामगावच्या अंगाचं. शिकवणारे होते रणपिसे बाबू. दौंडच्या मालधक्क्यावर त्यांनी एकतीस वर्षं मालबाबू म्हणून काढलेली. वॅगनमधून काय उतरलं, किती उतरलं, फुटलंय की धड आहे, ते बघून लिहायचं आणि सही करायची, हे मालबाबूचं काम. रिटायर होऊन गावी आले आणि बुद्धविहाराच्या ओसरीवर शाळेच्या आधी दोन तास पोरांना शिकवायला लागले. मराठा आळीतली पोरं आधी तिकडं फिरकली नाहीत. सहामाहीचे मार्क लागल्यावर आली, आणि पाटलाच्या घरचा कंदीलही ओसरीवर आला.

बाबूंनी फी कधी मागितली नाही. पण फुकटची विद्या पोराच्या अंगी लागत नाही अशी तिथल्या बायकांची पक्की समजूत. म्हणून घरात जे असेल ते आणून द्यायच्या. योजना आल्यावर हेडमास्तरांनी बाबूंना पावत्या द्यायला सांगितल्या, आणि बाबूंनी एकतीस वर्षं जशा लिहिल्या तशाच लिहिल्या.

मी गेले तेव्हा वर्ग सुटत होता. सोनाबाई पायरीवर बसलेली, शेजारी टोपलं, कारण तिथनंच रोजगार हमीच्या कामावर जायचं होतं. तिचा नवरा दौंडच्या मालधक्क्यावर हमाल होता. पाठ गेली तेव्हापासून घरीच.

मी म्हटलं, "बाबू, एवढ्या पावत्या बदलून द्या. जोंधळ्याच्या न् कोंबडीच्या जागी तेवढे रुपये लिहा."

"ताई, रुपये माझ्या हातात आलंच न्हाईत."

"किंमत तीच की हो."

"वॅगनमधनं गूळ उतरला तर मी साखर लिहायची व्हय? किंमत सारखी हाय म्हणून?"

मी पुष्कळ समजावलं. त्यांचा आवाज एकदाही चढला नाही. एकतीस वर्षांत माझ्या पावतीवर कुणी बोट ठेवलं नाही, एवढंच ते म्हणत राहिले. शेवटी पायरीवरनं सोनाबाई बोलली.

"बाबू, तुमचं खरं तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या. माझी कोंबडी मातूर गेली."

"गेली कुठं? ही काय हिंडतीय. जावा घेऊन."

"दिलेली फी माघारी न्यायाला माझी पोर नापास झालीय का काय?"

तांबडी कोंबडी ओसरीखाली टोचत होती, तिला कशाचं काही नव्हतं.

सोनाबाई मग माझ्याकडं वळली. "ताई, सोमवारी फार्म न्हाई भरला तर मंगळवारपास्नं सुमी माझ्यासंगं खडी फोडाया येनार. सरकारच्या त्या पैशावरच फार्म हाय आन् शिरूरला परीक्षेपुरती खोली हाय. तिचा बा म्हनतो, बास झाली शाळा. मी कवाधरनं त्याला थोपवून धरलंय. आता मी तरी काय सांगू त्याला?"

सुमन खांबाला टेकून उभी होती. मी तिची वही मागून घेतली. तिनं भूमिती सोडवली होती. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही, पण खाडाखोड कुठं नव्हती. प्रत्येक गणिताखाली बाबूंच्या हातचं एकच : "तपासले. बरोबर." मी वही परत दिली आणि पावत्या बदलायचा विषय तिथंच सोडला. ज्या माणसाच्या "बरोबर"वर त्या पोरीचा एवढा भरवसा, त्याच्याकडून खोटं लिहवून घ्यायचं माझ्या जिवावर आलं.

परतीच्या एसटीत मी जीआर मनातल्या मनात म्हणायला घेतला, पहिल्या ओळीपासून. चौथ्या कलमाला थांबले. पालकाने शिकवणाऱ्यास दिलेल्या मोबदल्याची भरपाई, असं तिथं होतं. पुढं म्हटलं, मागं म्हटलं. रोख हा शब्द सबंध कागदात नव्हता. म्हणजे जोंधळे चालतील, फक्त त्यांची किंमत सरकारी कागदावरनं दाखवायला हवी.

गुरुवारी मी मार्केट कमिटीत जाऊन त्या तारखांचे जोंधळ्याचे भाव शिक्क्यासकट लिहून घेतले. सरकारी दूध केंद्रावरनं दुधाचा दर घेतला. सात पावत्या मार्गी लागल्या. आठवी अडली. मार्केट कमिटीतले भाऊसाहेब म्हणाले, "बाई, कोंबडीचा लिलाव आम्ही अजून सुरू नाही केला."

आमच्या ऑफिसात शेजारच्या खोलीत कोंबडीपालनाचं काम चालायचं. तिथल्या क्लार्ककडं सरकारी कोंबड्यांचं दरपत्रक होतं. त्यात पांढऱ्या विलायती होत्या आणि तांबड्या विलायतीही होत्या. तो म्हणाला, "तांबडी आहे ना? मग द्या ठोकून विलायती. दरही चढा मिळेल. कोण बघायला जातंय?"

कोण बघायला जात नाही हे मलाही माहीत होतं. पण पावतीवर गावठी लिहिलेलं होतं, आणि ज्यानं लिहिलं त्याचं तोंड मी कालच बघून आले होते. मी म्हटलं, "ती गावठी आहे हो."

"मग तुमच्या गावठीला सरकारदरबारी भाव नाही," तो म्हणाला आणि आपल्या कामाला लागला.

हे वाक्य मला फार झोंबलं. जागेवर येऊन बसले. गावठी कोंबडीला सरकारी भाव नाही, गावठी कोंबडीला सरकारी भाव नाही, असं घोळवत होते आणि एकदम माझंच अक्षर माझ्या डोळ्यापुढं आलं. सरकारी विश्रामगृहात खानसाम्याच्या खोलीबाहेर एक दरपत्रक टांगलेलं असायचं. दौऱ्यावर आलेल्या साहेबलोकांकडून जेवणाचे किती घ्यायचे त्याचं. वर्षभरापूर्वी ते मीच सुवाच्य अक्षरात नकलून दिलं होतं. चहा, अंडी, भाकरी आणि खालून तिसरी ओळ : कोंबडी, गावठी, नग एक. शिजवायची मजुरी वेगळी. तळाला मंजुरीचा शिक्का.

मी तशीच उठले. खानसाम्याला वाटलं कुणी बडे साहेब येताहेत, तो कांदे सोलायला बसला. मी ती ओळ उतरवून घेतली, शिक्क्याचा नंबर घेतला आणि त्याला म्हटलं, "चालू द्या मामा, आज कुणी नाही."

शुक्रवारी साहेबांपुढं फाइल ठेवली. त्यांनी जीआरचं चौथं कलम दोनदा वाचलं. जोंधळ्याचे भाव बघितले, दुधाचे बघितले, मान हलवली. मग आठव्या पावतीवर आले.

"हे दरपत्रक कुठलं?"

"विश्रामगृहाचं, साहेब. मंजूर आहे."

"बाई, ते खायच्या कोंबडीचं. ही शिकवणीची."

"कोंबडी तीच साहेब. शिजवायची मजुरी मी धरलेली नाही."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी सरळ उभी राहिले.

म्हटलं, "मागच्या आठवड्यात जिल्ह्याचे साहेब मुक्कामाला होते. तीन कोंबड्या झाल्या, याच दरानं. बिल आपल्या सहीनं गेलंय. ऑडिटनं ते पास केलं तर हे करावंच लागेल."

"आणि नाही केलं तर?"

"मग त्या तिन्ही परत द्याव्या लागतील."

साहेब हसले नाहीत. ड्रॉवर उघडून खोडरबर काढलं, पेन्सिलीचा शेरा पुसला, कागदावरचा चुरा फुंकला आणि शाईचं पेन उचललं. आठही पावत्या सँक्शन. फाइल माझ्या हातात देताना एवढंच बोलले, "पुढच्या वर्षी फॉर्मातच वस्तूचा एक कॉलम घाला. किंमत कशाच्या आधारावर ते लिहायला."

तो कॉलम मीच आखला. पुढच्या वर्षीच्या फॉर्मावर तो छापून आला, डावीकडून पाचवा. सातवी फायनल बाईनं आखलेल्या रकान्यात लोक मी रिटायर होईपर्यंत माहिती भरत होते.

शनिवारी अर्ध्या दिवसाचं ऑफिस. पैसे निघेपर्यंत मी कॅशिअरला जेवणाचा डबा उघडू दिला नाही. सोमवारी सुमनचा फॉर्म भरला. जूनमध्ये रिझल्ट लागला, तेव्हा त्या शाळेत गणितात ती पहिली होती. पुढं ती दौंडला रेल्वेच्या बुकिंग ऑफिसात लागली. मी एकदा मुद्दाम तिच्याच खिडकीवर जाऊन यवतचं तिकीट काढलं. तिनं पैसे मोजून घेतले, सुट्टे परत दिले आणि मग म्हणाली, "ताई, बसा की आत येऊन."

रिझल्टच्या आठवड्यात सोनाबाई ऑफिसात आली होती. पदराखालून काढून सहा अंडी माझ्या टेबलावर ठेवली. बाबूंनी परीक्षेनंतर कोंबडी तिला माघारी दिली होती, सुमनला बक्षीस म्हणून. मी म्हटलं, सरकारी माणसाला भेट घेता येत नाही.

सोनाबाई म्हणाली, "भेट कुठं देतीय? मोबदला हाय. तुमच्याच कागदात हाय म्हनं."

मी पावती लिहून दिली. अंडी सहा, गावठी, एकही फुटलेलं नाही. तिला वाचता येत नव्हतं, पण घडी घालून तिनं ती कनवटीला लावली.

नव्या क्लार्कना मी एकच सांगत आले. पावतीवर आलं असेल तेच लिहावं. किंमत मागाहून शोधता येते.