शेरेबुकातली आत्या

आमच्या गावच्या शाळेला शंभर वर्षं झाली, तेव्हा समारंभ समितीचं अध्यक्षपद बाबांकडे आलं. बाबा मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. लेखी पुरावा असल्याशिवाय ते कुणाला वाढदिवसाच्या शुभेच्छासुद्धा देत नाहीत. गाव पोलादपूरच्या वर, डोंगरात. तिथे वर्षभर चिटपाखरू नसतं, पण समारंभ म्हटला की मुंबईहून गाड्या भरभरून येतात आणि मग कुणाची खुर्ची कुठे यावरून महिनाभर रुसवेफुगवे चालतात.

बाबांनी दोन याद्या केल्या. पहिली माजी विद्यार्थ्यांची, त्यांना खुर्ची, शाल आणि नारळ. दुसरी माहेरवाशिणींची, त्यांना साडी, खण आणि मांडवात सतरंजी. बाबांची थोरली बहीण, म्हणजे माझी आत्या, दासगावला दिलेली, चौऱ्याऐंशी वर्षांची. तिचं नाव दुसऱ्या यादीत आलं आणि त्याच संध्याकाळी मला तिचा फोन आला.

"साडी नको मला, खुर्ची पायजे," ती म्हणाली. "चार वर्सं शाळंत बसलेय मी. व्हय म्हणायला त्याच्या बापाचं काय जातंय?"

त्याचा बाप तोच तिचाही बाप, हे मी तिला सांगितलं नाही. रागावलेल्या आत्याला वंशावळ समजावायला जाऊ नये. तिचं पुढचं म्हणणं असं होतं की पहिल्या यादीत नाव आलं नाही, तर ती समारंभाला पाऊल ठेवणार नाही, आणि या वयात एकदा न आलेलं माणूस पुन्हा कधी येईल याचा काही भरवसा नसतो. हे शेवटचं तिनं अगदी सहज सांगितलं.

बाबांना विचारलं तर ते हसले. आक्का मला शाळेत सोडायला यायची, दारापर्यंत, असं त्यांचं म्हणणं. दारापर्यंत आलेल्या सगळ्यांना माजी विद्यार्थी धरायचं, तर आपल्या म्हशीलाही शाल द्यावी लागेल. मग चष्मा पुसत त्यांनी निकाल दिला.

"पटावर नाव दाखव. पहिल्या रांगेत खुर्ची देतो."

मी बँकेतून निवृत्त झालेली, महाडात चवदार तळ्याच्या मागच्या गल्लीत राहणारी बाई. महाडात राहिलं की वरच्या गावांतल्या सगळ्यांची कचेरीतली कामं आपसूक गळ्यात पडतात. हेही पडलं.

आधी शाळेतलं कपाट उघडलं. दाखल झालेल्या मुलांचं जुनं रजिस्टर मिळालं. ते वाचता वाचता माझी दुपार कशी गेली कळलं नाही. शाळा सोडल्याचं कारण लिहायच्या रकान्यात एकेकाचं आयुष्य दोन शब्दांत उरकलेलं. कुणी 'गुरांमागे', कुणी 'मुंबईस'. एकासमोर नुसतंच 'येत नाही' लिहिलं होतं. बाबा सापडले. आत्या सापडली नाही. त्या सगळ्या वर्षांत पटावर एकही मुलगी नव्हती.

आत्याला सांगितलं, तर ती म्हणाली, "नीट बघ गो." मी पुन्हा बघितलं. सासरचं नाव, माहेरचं नाव, लाडाचं नाव, सगळ्या नावांनी बघितलं. खरं सांगायचं तर तोवर मला वाटायला लागलं होतं की आत्या थापा मारतेय. म्हातारपणी माणसं आपल्याला हवं ते बालपण शिवून घेतात, आणि त्यात वाईटही काही नाही, पण त्यासाठी माझी दुपारची झोप का जावी?

तरी एक शेवटचा उपाय म्हणून महाडच्या एका जुन्या दप्तरखान्यात गेले. पूर्वी आमच्याकडचे बरेच कागद तिथे जमा व्हायचे. तिथले दप्तर सांभाळणारे गृहस्थ महाडचेच, निवृत्तीला आलेले, दोन्ही मुलगे आखातात. मला बघून त्यांनी न विचारताच जातीच्या दाखल्याचा अर्ज पुढे केला. त्यांच्याकडे येणारा प्रत्येक जण त्यासाठीच येतो. मी आत्याच्या खुर्चीची हकिगत सांगितली, तेव्हा त्यांनी अर्ज परत ड्रॉवरमध्ये टाकला, चहा मागवला आणि मला एक धडा दिला.

"बाई, तुम्ही पटात शोधताय. पटावर नसलेली माणसं शेऱ्यात सापडतात."

शाळा तपासायला साहेब यायचे आणि जाताना शेरेबुकात चार ओळी खरडून जायचे. अशी शेरेबुकं कापडात बांधून ठेवलेली होती. त्या गाठोड्यांना दप्तरात रुमाल म्हणतात. आमच्या भागाचा रुमाल पुरात भिजून मग वाळवलेला, त्यामुळे पानं एकमेकांना घट्ट चिकटलेली. ते गृहस्थ स्टीलची पट्टी घेऊन एकेक पान सोडवायचे, आणि एक पान सुटलं की दम खायला जायचे. मी तीन दिवस गेले. पहिल्या दिवशी कौलं फुटल्याचे शेरे निघाले, दुसऱ्या दिवशी मास्तरांच्या वारंवार येणाऱ्या पोटदुखीचे. तिसऱ्या दिवशी त्यांनी पट्टी खाली ठेवली आणि वही माझ्याकडे वळवली.

साहेबांनी लिहिलं होतं: 'वर्गात पटावर नसलेली एक मुलगी लहान भावास मांडीवर घेऊन बसलेली आढळली. ती उठल्यास भाऊ रडतो व वर्ग चालू देत नाही, असे मास्तर सांगतात. तिसरीच्या मुलांस औटकी विचारली, एकासही आली नाही. सदर मुलीने न विचारता म्हणून दाखविली. पटाबाहेरील व्यक्तीस वर्गात बसवू नये.'

औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. मी बँकेत तीस वर्षं काढली, मला येत नाही.

खाली मास्तरांचं बारीक अक्षर होतं: 'आज्ञेप्रमाणे मुलीस बंद केले. भाऊ तीन दिवस आला नाही. पटावरील मुलगा गळू नये म्हणून मुलीस पुन्हा बसविले आहे. माफी असावी.'

भावाचं नाव पूर्ण लिहिलेलं होतं, वडिलांच्या नावासकट. ते बाबांचंच होतं. मी आधी हसले आणि मग तिथेच, त्या परक्या माणसासमोर, मला रडू आलं. थापा मारते म्हटलं होतं मी तिला, मनात का होईना. त्या गृहस्थांनी दुसरीकडे बघितलं आणि नकलेचा अर्ज पुढे सरकवला. बाबा गोल शिक्क्याशिवाय कागद हातात धरणार नाहीत, हे मी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं.

शिक्क्याची नक्कल घेऊन गावी गेले. बाबांनी ती दोनदा वाचली. मग सवयीनं म्हणाले, "पण यात तिचं नाव कुठे आहे?"

माझं डोकं फिरलं. "तुमचं आहे ना? रडणाऱ्याचं नाव लिहिलंय. पाढा म्हणणारीचं लिहायला कुणाला सुचलं नाही."

इतकं तोडून मी बाबांना कधीच बोलले नव्हते. त्यांनी कागदाची नीट घडी केली, खिशात ठेवली आणि रिक्षा सांगायला सांगितली. दासगावापर्यंत त्यांचा हात त्या खिशावरच होता.

आत्याला मी दोन्ही शेरे वाचून दाखवले. तिला काडीचंही नवल वाटलं नाही. आपण जे सांगत होतो तेच सरकारी भाषेत ऐकतोय, असा तिचा चेहरा. बाबा खाली बघत म्हणाले, "आक्का, पहिल्या रांगेतली खुर्ची तुझी."

"बसंन," आत्या म्हणाली. थोड्या वेळानं तिनं चहाचा कप बाजूला ठेवला. "मास्तर रोज हजेरी घ्यायचे. समद्यांचं नाव यायचं, तुझं यायचं. माझं यायचं नाय. मी मनातल्या मनात हजर म्हणायचे."

समारंभाच्या दिवशी कार्यक्रमपत्रिकेत नसलेली एक गोष्ट बाबांनी केली. माइक हातात घेतला, वहीचा एक कागद काढला आणि जमलेल्या सगळ्या जुन्या विद्यार्थ्यांची हजेरी घेणार म्हणून जाहीर केलं. टक्कल पडलेले, काठी टेकणारे बाप्ये सरसावून बसले. बाबांनी सगळ्यांत आधी आत्याचं नाव घेतलं, तिचं लग्नाआधीचं, वडिलांच्या नावासकट.

पहिल्या रांगेतून काहीच आवाज आला नाही. बाबांनी पुन्हा घेतलं. आत्या गप्पच. मांडवातल्या माना वळल्या. मी घाबरून तिच्याजवळ गेले आणि कानाशी म्हटलं, "आत्या, ऐकू येत नाही का? हजर म्हण."

"येतंय गो ऐकू," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "आजून एकदा घेऊ दे त्याला."

मी बाबांना खूण केली. त्यांनी तिसऱ्यांदा नाव घेतलं.